हवामान आणि युद्ध: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तोलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाचा गणपती निवडणुकीच्या ऐन तोंडावर येतो. आरती झाली, हातावर खिरापत पडली, की पुढचा विषय ठरलेला. तेच तेच प्रश्न इतक्या जणांनी विचारले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. कसोट्या दोनच घेतल्या आहेत: उमेदवार हवामानबदलाबद्दल काय करेल, आणि देशाला युद्धात ढकलेल का. कर, व्हिसा, आरोग्यविमा यांच्याबद्दल इथे काही सापडणार नाही.

मत कोणाला द्यायचं ते सरळ सांगून टाका ना.

नाही सांगणार. पण माझं एक मत सगळ्या उत्तरांत डोकावणार आहे, ते आधीच कबूल करतो. या दोन कसोट्यांना एकच माप चालत नाही. युद्धाच्या बाबतीत राष्ट्राध्यक्ष जवळजवळ एकट्याने निर्णय घेऊ शकतो, म्हणून तिथे माणूस पारखायचा. हवामानाच्या बाबतीत त्याचे हात सिनेट (संसदेचं वरिष्ठ सभागृह) आणि न्यायालय यांनी बांधलेले असतात, म्हणून तिथे त्याच्या पक्षाच्या जागा, तो नेमणार ती माणसं आणि कायदा पार पाडून घेण्याचं कसब पाहायचं. आपण बहुतेक जण नेमकं उलट करतो. हवामानासाठी भाषण ऐकतो आणि युद्धासाठी पक्षाचं नाव बघतो.

एकट्याने कसा? युद्ध जाहीर करण्याचा अधिकार तर काँग्रेसचा आहे.

(काँग्रेस म्हणजे इथली संसद, गावाकडच्या वाचकांचा दर वेळी गोंधळ होतो. तिचं वरिष्ठ सभागृह सिनेट, कनिष्ठ ते हाउस.) संविधानात तसंच लिहिलं आहे. पण काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ साली. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, लिबिया एवढं सगळं झालं, आणि रीतसर घोषणा एकदाही नाही.

व्हिएतनामचा चटका बसल्यावर १९७३ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा व्हेटो (नकाराधिकार) मोडून युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि काँग्रेसने संमती दिली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. कागदावर चोख कायदा. २०११ मध्ये लिबियावरच्या हवाई मोहिमेला ६० दिवस उलटून गेले तेव्हा ओबामा सरकारने सांगितलं की ही त्या कायद्याच्या अर्थाने 'लढाई'च नाही, त्यामुळे मुदत लागू होत नाही. मोहीम चालू राहिली.

दुसरं उदाहरण येमेनचं. सौदी अरेबियाच्या तिथल्या युद्धाला अमेरिकेने हातभार लावू नये, असा ठराव २०१९ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि हाउसने २४७ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर केला. दोन्ही सभागृहांचा ठराव! ट्रम्प यांनी व्हेटो केला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं हवीत, सिनेटमध्ये ५३ मिळाली. विषय संपला. खुर्चीवरच्या माणसालाच थांबायचं नसेल तर त्याला थांबवणं किती अवघड आहे, ते यावरून कळावं.

"मी युद्धाच्या विरोधात आहे" असं तर सगळेच म्हणतात. खरं कोणाचं मानायचं?

प्रचारातल्या वाक्याला फार किंमत देऊ नका. १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा प्रचार 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या घोषणेवर चालला, आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात होती. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन प्रचारात सांगत होते की आशियातल्या पोरांनी लढायचं युद्ध लढायला आपण अमेरिकन पोरं हजारो मैल लांब पाठवणार नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची परवानगी देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव झाला होता, हाउसमध्ये ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. पुढच्या वर्षी व्हिएतनाममध्ये फौजा उतरल्या.

मी पाहतो ते असं: विरोध करणं महाग पडणार होतं, त्या दिवशी हा माणूस कुठे उभा होता? ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर हल्ल्याची परवानगी देणारं मतदान झालं. हाउसमध्ये २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. हिलरी क्लिंटन, जॉन केरी आणि जो बायडन या तिघांनीही बाजूने मत दिलं. तिघेही पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. हाउसमध्ये विरोधात मत देणाऱ्यांत व्हरमाँटचे बर्नी सँडर्स होते आणि टेक्सासचे रिपब्लिकन रॉन पॉलही होते.

याच्या एक वर्ष आधीचं मतदान आणखी कडक परीक्षा होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबर २००१ रोजी, लष्करी कारवाईची मोकळी परवानगी मागण्यात आली. हाउसमध्ये ४२० बाजूने, विरोधात एक. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आणि त्या दिवशी सँडर्स आणि रॉन पॉल, दोघांनीही 'हो' म्हटलं. नंतर याच परवानगीच्या आधारावर अफगाणिस्तानच्या पलीकडे येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत कारवाया झाल्या. मी त्या दोघांना यासाठी बाद करत नाही, पण कोणीही शंभर नंबरी नसतो हे लक्षात असू द्यावं. बार्बरा ली राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात कधी उतरल्याच नाहीत.

उमेदवार तेव्हा काँग्रेसमध्ये नसेल तर मतदान कुठून आणायचं?

तेव्हाचं बोलणं शोधायचं, आणि शक्यतो तारखेसकट. ऑक्टोबर २००२ मध्ये ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. शिकागोच्या सभेत त्यांनी इराकवरचं युद्ध मूर्खपणाचं म्हटलं, आणि त्याच भाषणात आपला सगळ्याच युद्धांना विरोध नाही हेही बजावलं. २००८ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, दुसरं फार थोड्यांना. ते दुसरं ज्यांनी ऐकलं त्यांना ड्रोन हल्ल्यांचं आणि लिबियाचं एवढं आश्चर्य वाटलं नसावं.

ट्रम्प यांनी २०१६ मध्ये आपण पहिल्यापासून इराक युद्धाच्या विरोधात होतो असं वारंवार सांगितलं. सप्टेंबर २००२ च्या एका रेडिओ मुलाखतीत इराकवर हल्ल्याला पाठिंबा आहे का असं त्यांना थेट विचारलं होतं, तेव्हा उत्तर होतं साधारण 'हो, वाटतं तसं' अशा अर्थाचं. बायडन यांनीही २०१९ मध्ये, युद्ध सुरू झालं त्या क्षणापासून आपण विरोधात होतो असं सांगितलं, आणि नंतर त्यांच्या प्रचार कचेरीला बोलण्यात चूक झाली म्हणावं लागलं. हरलेल्या युद्धाला मागाहून विरोधक फार मिळतात.

बरं, हवामानाकडे वळू. उमेदवाराची योजना वाचायची कशी?

आकड्याने दबून न जाता. २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर जे इन्स्ली केवळ हवामान या एकाच मुद्द्यावर उभे राहिले. मार्चमध्ये उतरले, ऑगस्टमध्ये बाहेर पडले, पण त्यांच्या योजनेतले तुकडे बाकीच्यांनी उचलले. सँडर्स यांची योजना होती १६.३ लाख कोटी डॉलरची. बायडन यांची २०२० मधली योजना चार वर्षांत २ लाख कोटी डॉलरची.

आता पुढचं पाहा. बायडन निवडून आले, सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी. कोळशाच्या पट्ट्यातल्या वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन हे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर. ते अडले की सगळं अडलं. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा झाला तो हवामान आणि ऊर्जेसाठी सुमारे ३६,९०० कोटी डॉलरचा, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने, ५१ विरुद्ध ५०. तेलासाठी समुद्रातले पट्टे लिलावात काढण्याची अटही त्यातच घातलेली. तरी अमेरिकेने हवामानावर केलेला तो सगळ्यात मोठा कायदा होता. २ लाख कोटींचे वचन आणि ३६,९०० कोटींचा कायदा यांच्यामधलं अंतर म्हणजे सिनेट.

आणि त्याचंही आयुष्य बघा. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या कर-विधेयकाने त्यातल्या बऱ्याच सवलती कापल्या. इलेक्ट्रिक गाडीवरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. ते विधेयकही सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० नेच पार पडलं, या वेळी निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं. तोपर्यंत गाडीची चौकशी करत बसलेले आमच्या ओळखीतले तीन जण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शोरूममध्ये एकमेकांना भेटले, तो किस्सा वेगळा.

सिनेट अडवत असेल तर राष्ट्राध्यक्षाने सहीच्या जोरावर आदेश काढावेत की.

काढतात. पण सहीने आलेलं सहीने जातं. पॅरिस हवामान कराराचंच बघा. २०१६ मध्ये ओबामांनी सिनेटकडे न जाता देशाला करारात आणलं. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी बाहेर पडण्याची घोषणा केली, करारातल्या मुदतीमुळे ते प्रत्यक्षात घडलं ४ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी. बायडन यांनी पदावर येताच सही केली, १९ फेब्रुवारी २०२१ ला देश परत आत. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांची पुन्हा सही, पुन्हा बाहेर. आमच्या सोसायटीचं फाटकसुद्धा इतक्या वेळा उघडबंद होत नाही.

करार रीतसर सिनेटपुढे का नेत नाहीत, याचं उत्तर १९९७ मध्ये आहे. क्योटो हवामान कराराची बोलणी चालू असतानाच सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं की विकसनशील देशांवर बंधन नसलेला किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला दुखापत करणारा करार आम्हाला नको. शून्य! म्हणजे हवामानवादी म्हणवणारे सिनेटरही त्यात आले. क्लिंटन सरकारने करारावर सही केली, पण तो सिनेटकडे कधी पाठवलाच नाही.

न्यायालयाचं वेगळंच. वीजकेंद्रांच्या उत्सर्जनावरच्या ओबामांच्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्थगिती दिली, आणि २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा निकालाने सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेचे त्या बाबतीतले अधिकारच आखडते केले. न्यायाधीश तहहयात असतात. म्हणून उमेदवाराच्या योजनेची पानं वाचण्याआधी मी पाहतो की तो न्यायाधीश कोणत्या धाटणीचे नेमेल.

तेलाच्या विहिरी बंद करण्याचं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवावा का?

बायडन यांनी २०२० च्या प्रचारात सरकारी जमिनीवर नवं ड्रिलिंग नाही असं ठणकावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अलास्कातल्या विलो तेल प्रकल्पाला मंजुरी दिली. कंपनीकडे जुने पट्टे होते आणि नकार दिला तर न्यायालयात हरू, हे सरकारचं कारण अगदीच पोकळ नव्हतं. पण पट्टे जुने आहेत हे प्रचाराच्या वेळीही ठाऊक होतं.

एक उमेदवार हवामानावर चांगला, दुसरा युद्धावर. मग?

हे काल्पनिक नाही. २००८ ची रिपब्लिकन प्रायमरी घ्या. एकीकडे जॉन मॅकेन: २००३ मध्ये जो लिबरमन यांच्याबरोबर कार्बनवर मर्यादा घालणारं विधेयक आणलं, ते ४३ विरुद्ध ५५ असं पडलं, पण स्वतःच्या पक्षाच्या प्रवाहाविरुद्ध आणलं हे खरं. आणि तेच मॅकेन इराक युद्धाचे कट्टर समर्थक. दुसरीकडे रॉन पॉल: इराकला ठाम विरोध, परदेशातले तळ बंद करा म्हणणारे, पण हवामानबदलासाठी सरकारने काही करावं हेच त्यांना मान्य नाही.

माझ्या तागडीत अशा वेळी युद्धाचं पारडं जड होतं. चांगला हवामान-उमेदवार सिनेटमुळे अडून बसण्याची शक्यता भरपूर, वाईट युद्ध-उमेदवाराला अडवणारं मात्र कोणीच नसतं. माझ्या बायकोला हे पटत नाही. तिचं म्हणणं, युद्ध कधीतरी थांबतं, हवेत गेलेला कार्बन शेकडो वर्षं राहतो. आमच्या घरात हा वाद २००८ पासून चालू आहे.

पण हे दोन विषय एकत्र का? काय संबंध?

जिमी कार्टर यांच्याकडे बघा. २० जून १९७९ ला त्यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेलं बसवली, आणि २००० सालापर्यंत देशाची २० टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळवण्याचं लक्ष्य ठेवलं. सात महिन्यांनी, २३ जानेवारी १९८० ला, त्याच कार्टर यांनी जाहीर केलं की इराणच्या आखातावर कोणी बाहेरच्याने ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर लष्करी बळासह कोणत्याही मार्गाने परतवून लावू. तेलावरचं अवलंबन कमी करायचं आणि तोवर तेलाची वाट बंदुकीने राखायची, दोन्ही एकाच माणसाचं धोरण. पॅनेलं १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, छपराची दुरुस्ती निघाली तेव्हा उतरली. आखाताचं धोरण मात्र प्रत्येकाने पुढे चालवलं.

शिवाय अमेरिकेचं संरक्षण खातं हे जगातली सगळ्यात जास्त खनिज तेल जाळणारी संस्था आहे. पॅरिस करारात लष्करी उत्सर्जनाचा वेगळा हिशोब देणं ऐच्छिक आहे. एखादा उमेदवार हवामानावर तासभर बोलतो आणि संरक्षण खात्याच्या इंधनाचा उल्लेख टाळतो, तेव्हा मी वहीत खूण करतो. सँडर्स यांनी आपल्या राज्यात, बर्लिंग्टनच्या तळावर, एफ-३५ लढाऊ विमानं येण्याला पाठिंबा दिला होता, हेही त्याच वहीत आहे.

दोघेही पसंत नाहीत. ग्रीन पार्टीला (पर्यावरणवादी छोट्या पक्षाला) मत दिलं तर?

२००० साली फ्लोरिडात रिपब्लिकन जॉर्ज बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले. त्याच राज्यात ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली. त्यातली थोडी जरी गोर यांच्याकडे गेली असती तर राष्ट्राध्यक्ष बदलला असता. नेडरवाल्यांना हे ऐकून राग येतो, आणि त्यांचा एक मुद्दा बरोबर आहे की गोर स्वतःचं राज्य, टेनेसी, जिंकले असते तर फ्लोरिडाची गरजच पडली नसती.

मला त्यात वेगळंच कुतूहल आहे. गोर जिंकले असते तर क्योटो करार मंजूर झाला असता का? ९५ विरुद्ध ० वाल्या सिनेटमध्ये, नाही. इराकवर हल्ला झाला असता का? सप्टेंबर २००२ मध्ये गोर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्याविरुद्ध जाहीर भाषण केलं होतं. त्यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार लिबरमन मात्र युद्धाच्या बाजूने होते. मला वाटतं, नसता झाला. हवामानाचा सगळ्यात मोठा प्रचारक म्हणून ओळखला जाणारा हा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून खरा फरक पाडू शकला असता तो युद्धात.

न्यू जर्सी तर कायम डेमोक्रॅट. माझ्या मताने काय होणार?

इथे रिपब्लिकन उमेदवार शेवटचा जिंकला १९८८ मध्ये, तेव्हा नोव्हेंबरपुरतं तुमचं खरं आहे. प्रायमरीचं तसं नाही. सिनेट आणि हाउसची उमेदवारी तिथेच ठरते, आणि वर सांगितलेली सगळी मतदानं याच लोकांनी केलेली आहेत. कोणत्याही पक्षात नाव नसेल तर न्यू जर्सीत प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. मंडळाच्या सहलीची तारीख जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ठेवू नका, एवढीच कार्यकारिणीला विनंती.

ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी वर असलेल्यांनी काय करावं?

मत देऊ नका. नोंदणीच्या फॉर्मवर चुकून सुद्धा सही करू नका. तो गुन्हा आहे आणि नागरिकत्वाची वाट कायमची बंद होऊ शकते. ग्रीन कार्डधारकाला उमेदवाराला देणगी देता येते. एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-४ वाल्यांना देणगी देता येत नाही, पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं: फोन करा, दारोदार फिरा.

संस्थांची गुणपत्रकं असतात म्हणे. त्यावर भरवसा ठेवावा का?

सुरुवात म्हणून उत्तम. पर्यावरणासाठी लीग ऑफ कन्झर्वेशन व्होटर्स दरवर्षी काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याला टक्के देते. युद्ध आणि शस्त्रखर्चासाठी क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथीयांची १९४३ पासूनची संस्था मतदानाची नोंद ठेवते. फक्त गैरहजेरी शून्य धरली जाते का ते बघा. २००७ च्या पत्रकात मॅकेन यांना शून्य टक्के होते, कारण प्रचाराच्या धावपळीत मोजलेल्या एकाही मतदानाला ते हजर नव्हते. शेवटी काँग्रेसच्या संकेतस्थळावर जाऊन नावानिशी झालेलं मतदान स्वतः वाचावं. दहा मिनिटांचं काम आहे.

सभेत उमेदवार समोर आला तर नेमकं काय विचारू?

'तुमचं हवामान धोरण काय' असं विचारू नका. पाठ केलेली तीन मिनिटं ऐकायला मिळतील. 'हो की नाही' असं विचारा: १९७३ च्या कायद्यातली ६० दिवसांची मुदत तुम्हाला स्वतःवर बंधनकारक वाटते का? मग: सिनेटमध्ये तुमच्याकडे फक्त ५० मतं असतील, तर योजनेतला कोणता भाग आधी सोडाल? दुसऱ्या प्रश्नावर जो उमेदवार विचार करायला थांबतो त्याला मी मनातल्या मनात दोन गुण जास्त देतो.

मी रत्नागिरीत राहतो. मला याच्याशी काय देणंघेणं?

१९९० मध्ये सद्दाम कुवेतमध्ये घुसला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. आखातात कोणी ना कोणी असलेल्या किती घरांत तेव्हा चूल थंडावली होती, ते आपल्या आळीत विचारा. हवेचंही तसंच: आजवर माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. गरीब देशांसाठीच्या हवामान निधीला ओबामांनी ३०० कोटी डॉलर कबूल केले, १०० कोटी दिले, आणि ट्रम्प यांनी उरलेले थांबवले. मत तुम्हाला नाही, हे खरं. तुमच्या एडिसनमधल्या भाच्याला आहे. त्याला फोन करा.

श्री ठाणेदार राष्ट्राध्यक्ष होऊ शकतात का?

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी आजोबा विचारतातच. नाही. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून हाउसवर निवडून आले, पण राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने अमेरिकी नागरिक असावं लागतं. आपला माणूस म्हणून अभिमान असेल तर त्यांचंही युद्धाधिकारांवरचं मतदान काढून वाचा, वर सांगितलेल्याच संकेतस्थळावर मिळतं.